वचनाची प्रार्थना कशी बांधायची: एक ओवी, चार-पाच ओळी

सकाळी सहा-साडेसहाला मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, ग्रुपवर फुलांच्या चित्रावर बायबलमधलं ‘आजचे वचन’ येतं. खाली दहा-बारा ‘आमेन’ पडतात, जोडलेले हात पडतात आणि वचन वर सरकून जातं. वचनाला आमेन म्हणणं चांगलंच. पण आमेन प्रार्थनेच्या शेवटी यायचं असतं आणि इथे नेमकी मधली प्रार्थनाच राहून जाते. ती स्वतःची स्वतः कशी तयार करायची, ते इथे सांगितलं आहे. त्यासाठी पाळक असावं लागत नाही, प्रार्थनेत बोलायची सवयही लागत नाही.

लागतं ते एवढंच: पवित्र शास्त्र (बायबल), वही, पेन आणि पंधरा मिनिटं. फोनवरचं शास्त्र चालेल, पण पूर्ण अध्याय डोळ्यांसमोर हवा. नुसतं फॉरवर्ड आलेलं चित्र नको. तयार प्रार्थना साधारण 30 ते 60 शब्दांची ठेवा. त्याहून लांबली तर ती पाठ राहत नाही आणि दुपारी बसमध्ये पुन्हा म्हणता येत नाही. फारच तोकडी झाली तर तिच्यात नेमकं काहीच मावत नाही. पुढे दिलेली वचनं मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सर्रास वाचल्या जाणाऱ्या भाषांतराला धरून आहेत. वसईकडच्या कॅथलिक घरातल्या बायबलमध्ये शब्द थोडे वेगळे असतील. पद्धतीत फरक पडत नाही.

आधी मागचं-पुढचं वाचा

ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते, आणि बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात. निवडलेल्या ओवीच्या, म्हणजे अध्यायातल्या आकडा घातलेल्या वचनाच्या, आधीच्या पाच आणि नंतरच्या पाच ओव्या वाचा. पत्र असेल तर पूर्ण परिच्छेद, स्तोत्र असेल तर पूर्ण स्तोत्र. वाचताना एकच विचारायचं: हे कोण कोणाला म्हणतो आहे, आणि कुठल्या वेळी?

यिर्मया 29:11 (यिर्मया या पुस्तकाच्या 29व्या अध्यायातली 11वी ओवी) घ्या. 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वचनाच्या चिठ्ठ्या उचलतात, त्यांत हे हमखास असतं: परमेश्वराच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. चिठ्ठी हातात पडली की प्रार्थना ठरलेली: ‘प्रभू, या वर्षी नोकरी लागू दे, घर होऊ दे.’ मागायला हरकत नाही, पण ते या वचनाच्या जिवावर मागता येत नाही. हे वचन इ.स.पू. 597 मध्ये यरुशलेमेतून बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. आदल्याच ओवीत सत्तर वर्षं थांबायला सांगितलं आहे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण परत जायच्या आधीच तिकडे मातीत जाणार होते. आणि सातव्या ओवीत त्यांना काम दिलं आहे: ज्या नगरात तुम्हाला नेलं त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, त्याच्या हितात तुमचं हित आहे.

एवढं वाचल्यावर प्रार्थना आपोआप बदलते. अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) किंवा जालन्याच्या गावातून पुण्या-मुंबईत, नाहीतर आखातात कामाला गेलेल्या माणसाने ती अशी करावी:

*आमचं हित योजणाऱ्या परमेश्वरा,*
*पोटासाठी या शहरात आलो, मन अजून गावाकडेच आहे.*
*या शहराचं, माझ्या कंपनीचं, शेजारपाजाऱ्यांचं भलं कर आणि त्यात माझाही हात लागू दे,*
*म्हणजे परतायला उशीर झाला तरी मी आशा सोडणार नाही.*
*येशूच्या नावाने, आमेन.*

नोकरी मागायचीच असेल तर मत्तय 6:11 मधली रोजची भाकर आहे की! तिथे मोकळेपणाने मागा.

पाच तुकड्यांचा साचा

चर्चच्या उपासनाक्रमात रविवारच्या वाचनाआधी जी छोटी प्रार्थना असते, तिची ठेवण शेकडो वर्षांची आहे. तिचे पाच तुकडे असतात: देवाला हाक, तो कसा आहे किंवा त्याने काय केलं आहे, आपली मागणी, ती कशासाठी, आणि शेवटी ख्रिस्ताच्या नावाने समाप्ती. स्वतःची प्रार्थना बांधायला याहून सोयीचा साचा नाही.

पहिले दोन तुकडे वचनातूनच घ्यायचे. आपण सवयीने ‘हे प्रेमळ दयाळू कृपाळू स्वर्गीय पित्या’ अशी सुरुवात करतो आणि वचन कुठलंही असो, हाक तीच राहते. वचनात देव मेंढपाळ असेल तर मेंढपाळ म्हणून हाक मारा, न्यायाधीश असेल तर न्यायाधीश म्हणून. मागणी एकच ठेवा, फार तर दोन. चौथा तुकडा, ‘म्हणजे…’ किंवा ‘यासाठी की…’, लोक गाळतात. त्याने मागणीला दिशा मिळते, म्हणून तो गाळू नये. ‘मला बळ दे’ म्हणून थांबलो तर बळ कशाला हवंय हे आपल्यालाच कळत नाही. ‘मला बळ दे, म्हणजे आईचं अंथरूण बदलताना माझी चिडचिड होणार नाही’ म्हटलं की प्रार्थना जमिनीवर येते.

एक वचन, पहिल्यापासून शेवटपर्यंत

फिलिप्पै 4:6-7 घेऊ. ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका, तर सर्व गोष्टींविषयी प्रार्थना व विनंती करून आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा.’ आणि पुढे, देवाने दिलेली शांती तुमची अंतःकरणं व तुमचे विचार ख्रिस्त येशूच्या ठायी राखील. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने ते बंदिवासात असताना लिहिलं, हे पहिल्या अध्यायावरून समजतं. म्हणजे बेड्या अंगावर असताना तो हे बोलतो आहे.

वहीचं पान मधोमध दुमडा. डावीकडे वचनात माणसाने करायचं काय ते लिहा, उजवीकडे देव काय करतो ते. डावीकडे येईल: चिंतेत बुडून न जाणं, मागणी कळवणं, आभार मानणं. उजवीकडे एकच ओळ: त्याची शांती मनावर आणि विचारांवर पहारा ठेवते. आता वचनात *नसलेली* गोष्ट पाहा. मागितलेलं सगळं तसंच्या तसं मिळेल, असं इथे कुठेही म्हटलेलं नाही.

वडिलांच्या बायोप्सीचा रिपोर्ट यायचा आहे असं धरू. पहिला कच्चा मसुदा बहुधा असा उतरतो:

*हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, आम्ही तुझे खूप खूप आभार मानतो प्रभू, तू म्हटलं आहेस की चिंताक्रांत होऊ नका, म्हणून प्रभू आमच्या सर्व चिंता दूर कर प्रभू, आणि आम्हाला सर्व प्रकारे आशीर्वादित कर…*

यात खोटं काही नाही. पण वचन सांगतं मागणी कळवा, आणि इथे मागणी कळवलेलीच नाही. आभार कशाचे ते नाही. ‘सर्व चिंता’ म्हटल्यामुळे एकही चिंता देवापुढे ठेवली गेली नाही. उजव्या रकान्यातली शांती तर सुटूनच गेली. आता दोन्ही रकाने समोर ठेवून पुन्हा लिहा. हाकेसाठी नवव्या ओवीत ‘शांतिदाता देव’ आहे, तोच घ्या:

*शांतिदात्या देवा,*
*सोमवारी बाबांचा रिपोर्ट येणार आहे. तो चांगला यावा, ही माझी मागणी आहे.*
*डॉक्टर वेळेवर भेटले, भाऊ सोबत आहे, यासाठी तुझे आभार.*
*माझ्या मनावर आणि विचारांवर तुझ्या शांतीचा पहारा ठेव, म्हणजे रात्री मी त्यांच्याजवळ न घाबरता बसू शकेन.*
*ख्रिस्त येशूच्या नावाने, आमेन.*

मसुदा झाला की एकदा मोठ्याने म्हणा. जिथे जीभ अडखळते तिथला शब्द आपला नसतो, तो बदला. मात्र वचनातला एक तरी ठसठशीत शब्द शाबूत ठेवा. इथे ‘मागणी’ आणि ‘शांती’ ठेवले आहेत. त्या धाग्यानेच दिवसभर वचन आठवत राहतं.

सोमवारी रिपोर्ट वाईट आला तर? ही प्रार्थना तेव्हाही खोटी ठरत नाही. मंगळवारी फक्त दुसरी ओळ बदलेल.

वचनाची जात ओळखा

प्रत्येक वचन एकाच रीतीने फिरवता येत नाही.

काही वचनं मुळातच प्रार्थना आहेत. ‘हे देवा, माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर’ (स्तोत्र 51:10), किंवा ‘माझी झडती घेऊन माझे हृदय जाण’ (139:23). यांना हात लावू नका. फक्त मागे एक वाक्य स्वतःचं जोडा: झडती कुठे घ्यायची ते. ‘काल दुकानात हिशेब करताना मी जे केलं, तिथून सुरू कर.’

काही वचनं देवाविषयीचं विधान असतात. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.’ यातला ‘तो’ काढून ‘तू’ घालायचा: तू माझा मेंढपाळ आहेस. हे फिरवणं स्तोत्र 23 स्वतःच करतं, हे किती जणांच्या लक्षात येतं कोण जाणे! पहिल्या तीन ओव्यांत परमेश्वराविषयी बोलणं चालू आहे: तो नेतो, तो चालवतो. चौथ्या ओवीत मृत्युच्छायेची दरी आली की बोलणं एकदम समोरासमोर येतं: ‘कारण तू माझ्याबरोबर आहेस.’ विधानाच्या वचनात घाईने मागण्या घुसवू नका. जे आहे असं वचन म्हणतं, ते ‘दे’ म्हणून मागण्याआधी ‘आहे’ म्हणून मान्य करा, आणि मग आज ते कुठे खरं वाटत नाही ते सांगा.

आज्ञेच्या वचनात गल्लत वेगळीच होते. ‘एकमेकांना क्षमा करा’ (इफिस 4:32) ही आज्ञा आपल्याला आहे आणि आपण प्रार्थनेत ती परत देवाकडे लोटतो: ‘प्रभू, आमच्या घरात क्षमेचं वातावरण निर्माण कर.’ वातावरण कोणी निर्माण करायचं ते वचनात स्पष्ट आहे. त्याच ओवीत आधी देवाने ख्रिस्तामध्ये केलेली क्षमा आहे. तो दुसरा तुकडा. मग मागणी, आणि आज्ञेच्या प्रार्थनेत मागणीला दिवस-वार हवा:

*क्षमाशील पित्या, ख्रिस्तामध्ये तू माझा हिशेब मिटवलास.*
*बांधाच्या भांडणानंतर मी दादाच्या दारात गेलो नाही.*
*रविवारी उपासनेनंतर त्याच्याकडे जायचं धैर्य दे, आणि तोंड उघडताच जुनं उकरून काढायची माझी खोड आवर,*
*म्हणजे मुलांना काका मिळेल.*
*येशूच्या नावाने, आमेन.*

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. घरात मारहाण होत असलेल्या बाईच्या हातात हे वचन देऊन ‘क्षमेची प्रार्थना कर आणि नांदायला जा’ म्हणणं हा वचनाचा गैरवापर आहे. तिच्यासाठी आधी सुरक्षित जागा आणि मदत. आणि प्रार्थनाच हवी तर स्तोत्र 10 आहे, जिथे गांजलेल्याच्या बाजूने देवाला उठायला सांगितलं आहे.

विलापाची वचनं आपल्या प्रार्थनासभांत फारशी ऐकू येत नाहीत. खरं तर प्रार्थना शिकायला तीच उत्तम. स्तोत्र 13 फक्त सहा ओव्यांचं: दोन ओव्यांत तक्रार, दोन ओव्यांत मागणी, दोन ओव्यांत भरवसा. ‘किती वेळ?’ हा त्याचा प्रश्न तसाच उचला आणि पुढे आपली गोष्ट जोडा. शेवट ओढूनताणून आनंदी करायची गरज नाही. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. मयताच्या घरी गेल्यावर ‘प्रभूची योजना चांगली असते’ पेक्षा हे स्तोत्र हळू आवाजात वाचावं.

गोष्टीच्या उताऱ्यात एखाद्या पात्राच्या तोंडचं वाक्य घ्या. पाण्यात बुडणारा पेत्र ओरडतो, ‘प्रभूजी, मला वाचवा’ (मत्तय 14:30). तीन शब्द, आणि पुरेसे. मार्क 10:51 मध्ये येशू आंधळ्या बार्तीमयाला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? अगदी असाच प्रश्न त्याच अध्यायात थोडं आधी याकोब आणि योहान यांनाही विचारला आहे. त्यांनी मानाच्या जागा मागितल्या, याने डोळे मागितले. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून स्वतःचं उत्तर वहीत लिहा. प्रार्थना तिथेच तयार होते.

एखादं वचन समोर ठेवून बसलो आणि काहीच सुचेना, असंही होतं. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1535 मध्ये आपल्या ओळखीच्या पेत्र नावाच्या न्हाव्यासाठी प्रार्थनेची एक साधी रीत लिहून दिली होती. दहा आज्ञांमधली एकेक घेऊन तिच्यातून चार पदर काढायचे: हिच्यात मला शिकवण काय, आभार कशाचे, कबुली कशाची आणि मागणी काय. तेच चार पदर समोरच्या वचनातून काढा आणि प्रत्येकी एक वाक्य लिहा. बहुतेक वेळा तिसऱ्या पदराशी पेन थांबतं. त्या दिवसाची प्रार्थना तिथूनच सुरू करा.

मराठीत प्रार्थना करताना

काही अडचणी निव्वळ आपल्या भाषेच्या आहेत.

छापील वचनं आणि प्रार्थना बहुधा पुरुषाच्या तोंडी असतात. स्तोत्र 3:5 मधला बोलणारा ‘झोपी गेलो’ म्हणतो. बाईने ‘झोपी गेले’ म्हणावं, ‘मागतो’च्या जागी ‘मागते’ म्हणावं. वचन बिघडतं अशी भीती नको. वाचताना तसंच वाचा, प्रार्थना करताना आपलं करा. बायका वर्षानुवर्षं ‘विनंती करतो’ म्हणत राहतात आणि ती प्रार्थना कायम दुसऱ्याचीच वाटते.

देवाशी बोलताना जमलेल्या सगळ्यांसाठी ‘आम्ही’ म्हणा, ‘आपण’ नको. ‘प्रभू, आपण सर्व इथे जमलो आहोत’ असं म्हटलं की तोंड देवाकडे नसून मंडळीकडे वळलेलं असतं. तिथून पुढे प्रार्थना न राहता सूचना आणि प्रवचन सुरू होतं. कोणी पुढे उभं राहून प्रार्थना करत असेल तर हे नक्की ऐका.

शुभवर्तमानात लोक येशूला ‘प्रभूजी, आपण’ असं आदराने बोलतात, स्तोत्रात देवाला ‘तू’ म्हणतात. दोन्ही चालतं, पण एका प्रार्थनेत एकच धरा. ‘प्रभूजी, आपण दयाळू आहात, माझं ऐक’ कानाला खटकतं.

‘प्रभू’ हा शब्द स्वल्पविरामासारखा वापरू नये. वही तपासताना चार ओळींत दोनदा असेल तर ठीक, त्याहून जास्त असतील तर खोडा. आणि ग्रांथिक भाषेचा अट्टहास कशाला? ‘अंतःकरण’ म्हणणाऱ्याने तेच म्हणावं, ‘काळीज’ म्हणणाऱ्याने काळीज. वसईच्या सामवेदी घरांत कादोडी बोलतात, तिथे ती प्रार्थना कादोडीतच बांधावी. ज्या बोलीत माणूस आईशी भांडतो, त्या बोलीत त्याला देवाशी खोटं बोलणं जड जातं.

दुसऱ्यासाठी

मध्यस्थीच्या प्रार्थनेसाठी पौलाच्या पत्रांतल्या प्रार्थना तयारच आहेत: इफिस 1:17-19, इफिस 3:16-19, कलस्सै 1:9-12. ‘तुम्ही’च्या जागी माणसाचं नाव घाला. पौल या लोकांसाठी काय मागतो ते पाहण्यासारखं आहे: अंतरी बळ, समज, सहनशक्ती, ख्रिस्ताच्या प्रीतीची ओळख. दहावीला बसलेल्या मुलीसाठी इफिस 3:16 असं होईल: ‘पित्या, तुझ्या आत्म्याने तिला आतून बळकट कर, म्हणजे पेपर अवघड गेला तरी ती खचणार नाही, आणि तुझी प्रीती मार्कांवर मोजणार नाही.’ अभ्यासाचं तिला वेगळं सांगावंच लागेल.

एक काटेकोर नियम: दुसऱ्याचं पाप किंवा आजार नावासकट ग्रुपवर प्रार्थनेच्या विषयात टाकू नका, त्याला विचारल्याशिवाय तर मुळीच नाही. मध्यस्थीच्या नावाखाली गावभर झालेली बातमी परत घेता येत नाही.

धावपळीतली प्रार्थना

लोकलमध्ये लटकताना किंवा अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर पाच तुकडे जुळवत बसता येत नाही. तेव्हा वचनाचे दोनच तुकडे करा, एक श्वास घेताना, एक सोडताना. प्रत्येक तुकडा चार-सहा अक्षरांचा, फार तर दहाचा. लांब असेल तर दम अडकतो. ‘तू माझा मेंढपाळ / मला उणे नाही.’ ‘चिंता तुझ्यावर / तू काळजी घेतोस’ (1 पेत्र 5:7 वरून). पूर्वेकडच्या (ऑर्थोडॉक्स) मंडळ्यांत शतकानुशतकं चालत आलेली ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ ही प्रार्थना अशीच शुभवर्तमानातल्या हाकांची आहे. तिचा शेवट लूक 18:13 मधल्या जकातदाराच्या विनवणीचा. मात्र पूर्ण प्रार्थना आधी वहीत बांधलेली असली पाहिजे. नुसते तुकडे घोकले की चार दिवसांत त्यांतला अर्थ गळतो.

कुठे चुकतं

सर्वांत धोक्याची चूक मत्तय 4:6 मध्येच दाखवली आहे. सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागावर उभं करून स्तोत्र 91 मधलं, देवदूत तुला झेलतील या अर्थाचं वचन ऐकवतो: उडी टाक. वचन अचूक आहे, वापर चुकीचा. येशू उत्तर देतो तेही वचनानेच, अनुवाद या पुस्तकातल्या 6:16 च्या: देवाची परीक्षा पाहू नको. स्तोत्र 91 धरून हेल्मेटशिवाय गाडी चालवणं, किंवा यशया 53:5 (त्याला बसलेल्या फटक्यांनी आपल्याला आरोग्य मिळालं) धरून शुगरची गोळी बंद करणं, ही तीच उडी आहे. बरं होण्यासाठी जरूर प्रार्थना करा. गोळी जेवणाआधी की नंतर तेवढं डॉक्टरला विचारून.

नीतिसूत्रांत दुसरा खड्डा. ‘मुलाला योग्य वळण लाव, म्हातारपणीही तो ते सोडणार नाही’ या अर्थाचं 22:6 हे अनुभवाचं शहाणपण आहे, करारनामा नव्हे. ते देवाचं अभिवचन म्हणून मागणारे आईबाप मुलगा वाट चुकला की स्वतःला तरी दोष देतात, नाहीतर देवाला. त्यातून मागायचं ते आजच्या वळणाचं: ‘आज त्याच्यावर ओरडण्याआधी त्याचं ऐकून घ्यायला शिकव.’

शापाची स्तोत्रं, जसं 109, शेजाऱ्याचं किंवा जावेचं नाव घालून म्हणू नयेत. राग मात्र लपवूही नये. ‘मला सूड हवा आहे’ हे देवासमोर उघड बोला आणि सूड त्याच्याकडे सोपवा (रोम 12:19). त्या स्तोत्रांचं खरं काम तेच.

आणि एकाच प्रार्थनेत पाच वचनं गुंफायचा मोह. ऐकायला भरदार वाटतं. म्हणणाऱ्याला विचारलं तर मागितलं काय ते आठवत नाही.

रोजच्यासाठी

नव्याने सुरू करणाऱ्याने आठवडाभर एकच वचन धरावं. पहिल्या दिवशी बांधायचं, पुढचे सहा दिवस तेच म्हणायचं, रोज फार तर एक ओळ बदलायची. सुरुवातीला याकोब 1:5 सोपं पडतं: ज्ञान कमी पडत असेल तर मागा, देव दोष न लावता देतो. त्यात निर्णय एकच घ्या, नोकरी बदलायची की नाही, असा. वहीत तारीख, संदर्भ आणि प्रार्थना लिहा. समोरचं पान मोकळं सोडा. महिन्यादोनमहिन्यांनी तिथे काय झालं ते लिहायला लागतं, आणि ‘नाही झालं’ हेही लिहायचं असतं.

कौटुंबिक प्रार्थनेत एकाने वचन दोनदा सावकाश वाचावं, मग प्रत्येकाने एक वाक्य. लहान मुलांना ‘यातला कुठला शब्द आवडला?’ एवढंच विचारा आणि त्या शब्दावरून त्यांनाच वाक्य करू द्या. मोठ्यांनी मध्ये दुरुस्त्या करू नयेत. दहा-पंधरा मिनिटांत उठायचं. ताटं वाढलेली असताना लांबलेल्या प्रार्थनेने मुलं प्रार्थनेलाच कंटाळतात.

वचन निवडण्यात वेळ जात असेल तर स्तोत्रांची महिन्याची एक रीत आहे. तारखेचा आकडा घ्या आणि त्यात तीस-तीस मिळवत जा. 7 तारखेला स्तोत्र 7, 37, 67, 97, 127. पाचही चाळा, एकातली एक ओवी घ्या. तीस दिवसांत 150 स्तोत्रं नजरेखालून जातात. फक्त 29 तारखेला 119 येतं, 176 ओव्यांचं. ते त्या दिवशी सोडून 31 तारखेसाठी ठेवा. तेव्हाही सगळं नको: त्याचे आठ-आठ ओव्यांचे बावीस भाग आहेत, त्यांतला एक पुरतो.